पट्ट्याला तेल

मास्तरांना कुरकुर सहन होत नसे. बायकोची होई, ती अंगवळणी पडली होती. पण बिजागरीची, खुर्चीची, शेजाऱ्याच्या फाटकाची कुरकुर कानावर आली की त्यांचा घास घशातच अडकायचा. खिशात लांब नाकाची एक तेलाची कुपी कायम असायची. लोक चष्मा विसरतील, किल्ली विसरतील; मास्तर कुपी विसरायचे नाहीत.

एकदा त्यांचा मेहुणा इस्पितळात पडला होता. मास्तर भेटायला गेले. मेहुणा आपलं दुखणं पोटापासून पाठीपर्यंत रंगवून सांगत होता आणि मास्तरांचं लक्ष बाहेर, व्हरांड्यातून जाणाऱ्या ढकलगाडीच्या चाकाकडे. शेवटी उठलेच. त्या मजल्यावरच्या सगळ्या ढकलगाड्या, दोन खाटा आणि औषधांच्या कपाटाचं दार एवढ्यांना तेल पाजून ते परत आले. मेहुणा म्हणाला, "दाजी, मला बघायला आला होतात की खाटेला?"

"तुला डॉक्टर आहेत," मास्तर म्हणाले. "तिला कोण आहे?"

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान एका खोलीचं, लांबट, काचेच्या दाराचं. एका बाजूला घड्याळवाला, दुसऱ्या बाजूला लाँड्री. आत शिरलं की डावीकडे कापायचं टेबल, त्याच्या कडा कोपरांनी घासून गुळगुळीत झालेल्या, उजवीकडे आरसा, आणि पार मागे, उजेडाच्या खिडकीशी, पायानं चालवायचं काळं मशीन. मुलानं विजेचं मशीन घेऊन दिलं होतं, तेही होतं. पण ते पांघरूण घेऊन कोपऱ्यात बसलेलं असायचं, आठ दिवस राहायला आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं. त्याचं सगळं नीट करायचं, पण घरचं म्हणायचं नाही.

काळं मशीन उस्तादांचं. मास्तर शाळेत फार रमले नाहीत. पाढे पाठ झाले, अक्षर बरं झालं, तेवढ्यात घरच्यांनी त्यांना उस्तादांच्या हाताखाली धाडलं. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचं, सकाळी झाडायचं, इस्त्रीचे कोळसे पेटवायचे आणि मशीनला तेल द्यायचं. सुई हातात यायला पुढं पुष्कळ दिवस गेले, पण कुपी पहिल्याच दिवशी हातात आली. "मशीन ओरडतं ते तहानेनं," उस्ताद म्हणायचे. "रागानं नव्हे. ओरडणाऱ्याला आधी पाणी विचारावं." उस्तादांमागे मशीन मास्तरांकडे आलं, आणि ते वाक्यही.

असं सगळं सुरळीत, गप्प, तेलपाणी केलेलं चाललेलं असताना मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. दोन बॅगा आणि एक सायकल घेऊन.

तीही साधीसुधी सायकल नव्हे. टायर कणसासारखे दाणेदार आणि मांडीएवढे जाड. पुढच्या दांड्यांत स्प्रिंगा, नुसतं टेकलं तरी सायकल नमस्कार करायची. घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. मास्तरांच्या बायकोनं तिला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं.

"हिला स्टँड कुठाय?"

"नसतो आई. डोंगरात अडकतो तो."

"म्हणजे एवढी महागाची सायकल, आणि उभं राहायला भिंतीचा आधार लागतो?"

"उभं राहायला लागतो. पळायला नाही लागत."

"आमच्या मुलासारखीच आहे की," सासूबाई म्हणाल्या, "फक्त उलटी."

सून गावाबाहेरच्या दगडखाणीच्या ऑफिसात कामाला होती. आठवडाभर खडीच्या गाड्यांचे हिशोब, आणि रविवारी त्याच डोंगराच्या मागच्या अंगानं सायकलवर उतरायचं. तिच्यासारखीच सात-आठ वेडी माणसं होती. सगळी मिळून पहाटे चढायला लागत, माथ्यावर टॉवरपाशी दम खात आणि मग एकेक करून खाली सुटत. वाटेच्या एकेका तुकड्याला त्यांनी नावं ठेवली होती. एका रात्री जेवताना सुनेच्या तोंडून निसटलं, "उद्या 'सासूची जीभ' कोरडी असेल, मजा येईल."

नवऱ्याला ठसका लागला.

"काय कोरडं असेल?" सासूबाईंनी विचारलं.

"वाट आहे आई एक. नागमोडी. आमच्या आधीच्या लोकांनी नाव ठेवलंय, मी नाही."

"का बरं ठेवलं असेल?"

सुनेनं खाली मान घालून खरं ते सांगितलं. "लांब आहे. आणि कुठं वळेल सांगता येत नाही."

सासूबाईंनी एक घास सावकाश चावला. "आणि तू दर रविवारी तिच्यावरून जातेस?"

"हो."

"मग सांभाळून जा हो," त्या म्हणाल्या. "घसरशील."

मास्तर या सगळ्यात नव्हते. सायकलबद्दल ते चांगलंही बोलत नसत, वाईटही नाही. रविवारी दुपारी सून अंगणात सायकल उलटी करून धुवायला बसली की ते पेपर घेऊन ओट्यावर बसायचे. पेपर एकाच पानावर असायचा. सून दात घासायच्या जुन्या ब्रशानं चेन घासायची, फडक्यानं पुसायची, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल सोडायची, पायडल मागे फिरवत. आणि मग, मास्तरांना हे फार आवडलं, वरचं सगळं तेल पुसून टाकायची. आत गेलं ते कामाचं, वर राहिलं ते धुळीचं. आयुष्यात मास्तरांना तेल ओतणारी माणसं पुष्कळ भेटली होती. थेंब कळणारी ही पहिलीच.

तरी ते बोलले नाहीत. बोलायला निमित्त लागतं. ते एका धारदार दगडानं दिलं. एका रविवारी सून सायकल खांद्यावर घेऊन घरी आली. मागच्या टायरची कड बोटभर फाटली होती.

"गेला," ती म्हणाली. "नवा यायला पंधरा दिवस. म्हणजे दोन रविवार गेले."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. टायर हातात घेतला, उलटा केला, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कापडच होतं की! रबरात बसवलेलं, पण कापडच, उभा-आडवा धागा असलेलं. ते काही न बोलता दुकानात गेले. गाद्यांसाठीची वाकडी सुई आणली, बुटाला वापरतात तो जाड दोरा मेणातून ओढून घेतला, आणि जीनच्या पँटचं एक ठिगळ. आडवे टाके घातले, दोन्ही काठ एकमेकांना भेटतील पण चढणार नाहीत असे. आतून ठिगळ चिकटवलं. सुनेनं त्यात ट्यूब घातली, हवा भरली, आणि दोघं कान लावून बसले. टायर गप्प.

"हे कसं काय जमलं बाबा?"

"गुडघ्यावर फाटलेल्या पँटी शिवत जन्म गेला," मास्तर म्हणाले. "हाही गुडघाच आहे."

तो टायर हंगामभर टिकला. नवा आला तोही तसाच गुंडाळून माळ्यावर पडला. सून ऑफिसात सांगे, डोंगरावर सांगे, "आमच्या सासऱ्यांनी शिवलाय." माथ्यावर लोक वाकून टाके बघायचे. आणि मास्तर? मास्तर त्या दिवसापासून सायकलचे अर्धे मालक झाले. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून आले की तासभर सायकलपाशी. हँडलचे बोल्ट बघायचे, चाकाच्या तारा बोटानं वाजवून सैल कोणती ते ऐकायचे, सीटची कातडी पुसायची. सून याला "बाबांचा हात फिरवणं" म्हणायची आणि फिरवू द्यायची. फक्त एकदाच तिनं बजावलं. चाकाच्या मधोमध जेवणाच्या ताटलीसारखी पातळ, भोकंभोकं असलेली लोखंडी चकती असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन गुटके तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. "त्या चकतीला तेवढं बोट लावायचं नाही हं बाबा. बोटाचा मळसुद्धा चालत नाही तिला."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना हे पटलंच. बोटाच्या घामानं सुयासुद्धा गंजतात; म्हणून तर चांगली सुई तेलकट फडक्यात ठेवायची असते. चकती म्हणजे मोठी सुईच. का लावायचं नाही ते सुनेनं सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही, कारण दोघांनाही ते माहीत होतं. फक्त दोघांना वेगवेगळं माहीत होतं.

डोंगरावरच्या त्या टोळीची एक रीत होती. माथ्यावर पोचलं की सगळे गुडघ्यांना कवचं बांधत, टायरमधली थोडी हवा सोडत, सीट खाली करत; आणि निघायच्या आधी प्रत्येकानं शेजाऱ्याची सायकल तपासायची, स्वतःची नाही. आपल्या सायकलचा दोष आपल्याला दिसत नाही, असं त्यांचा कप्तान म्हणे. कप्तान म्हणजे एरवी चष्म्यांचा दुकानदार. दिसण्या-न दिसण्यावर त्याच्या बोलण्याला वजन होतं. सुनेनं ही रीत घरी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही तर आमच्या गल्लीचीच पद्धत."

मग तो आठवडा आला. आदल्या रविवारी सून ओढ्यातून सायकल घालून आली आणि तेव्हापासून पुढचा ब्रेक ओरडायला लागला. तो आवाज सांगून कळायचा नाही. पाटीवर नख ओढावं आणि त्याच वेळी मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा, तसा. सून कामावरून परत येताना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उताराला ब्रेक दाबायची, कुत्री उठायची, लाँड्रीवाला खिडकी लावून घ्यायचा.

"सूनबाई आली," सासूबाई म्हणायच्या. "कळलं सगळ्या गावाला."

मुलगा म्हणाला, "काही ब्रेक ओरडतातच. तिला विचारा, ती म्हणते आपोआप जाईल."

सोमवारी मास्तरांनी दात आवळले. बुधवारी कानात कापूस घातला. शनिवारी संध्याकाळी घरात कोणी नव्हतं, सायकल भिंतीला टेकलेली होती, आणि खिशात कुपी होती. बोट लावू नको म्हणाली होती ना? त्यांनी बोट लावलंच नाही. कुपीचं लांब नाक चकतीपाशी नेलं आणि चाक हळूहळू फिरवत गोल थेंब सोडले, उरलेलं स्वच्छ फडक्यानं अलगद टिपून घेतलं, अगदी सुनेच्याच पद्धतीनं. मग पुढचं चाक उचलून गरगर फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक थांबलं, जरा रमतगमत, पण थांबलं. आवाज नाही. चकार शब्द नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते एखाद्या रडक्या पोराला झोपवलेल्या आजोबाच्या चेहऱ्यावरच दिसतं. मागचा ब्रेक ओरडत नव्हता, त्याला त्यांनी हात लावला नाही. आणि सांगितलं कोणालाच नाही. रविवारी ती परत येईल आणि म्हणेल, "बाबा, ब्रेक गप्प झाला!" त्या वाक्याची वाट बघत ते झोपले.

सून पहाटेच गेली. मास्तरही रविवार असून दुकानात गेले, बँडवाल्यांचे नवे कोट अडले होते. लाल कापड, सोनेरी काठ. मन असं खुशीत की कुपीही सैल हातानं चालली. इथं एक, तिथं एक, वरच्या चाकाच्या आसात एकाऐवजी चार. मग कोटाची बाही सुईखाली घातली आणि पायाखालचा पायटा हलवला.

पाय चालला. खालचं मोठं चाक फिरलं. सुई मात्र जागची हलली नाही.

मास्तरांनी खाली वाकून बघितलं. वरच्या आसातलं तेल ओघळून कातडी पट्ट्यावर आलं होतं. खालचं चाक पट्ट्याला ओढत होतं, पट्टा वरच्या चाकावरून नुसता घसरत होता. ते स्वतःशीच हसले. शिकाऊ असताना अगदी हेच केलं होतं. पट्टा करकरतो म्हणून त्याला तेल दिलं होतं, मोठ्या हौसेनं. उस्तादांनी लाकडी पट्टी पाठीत घातली होती. एकच. आणि म्हणाले होते, "गाढवा! काही वस्तू घसरायला केलेल्या असतात आणि काही धरायला. धरणाऱ्याला तेल लावशील तर तो हात सोडेल."

तेलकट पट्ट्यावर उपाय सोपा, खडू घासायचा. मास्तरांनी टेबलावरून खडू घेतला, पट्टा चिमटीत धरला, दोन्ही बाजूंनी दोन बोटं. आणि तसेच थांबले.

दोन बाजूंनी चिमटीत धरलेला पट्टा. दोन बाजूंनी चिमटीत धरलेली चकती.

खडू खाली पडून फुटला.

शेजारचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. मास्तर दारात उभे राहिले ते गळ्यात टेप, कॉलरला सुया, एका हातात फोन.

"काय झालं हो? तोंड का असं?"

"सुनेचा फोन लागत नाही."

"डोंगरावर कधी लागलाय?"

मास्तरांनी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "ती केव्हाच गेली. का? काही विसरली का?"

"नाही."

"मग तुमचा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"तेल संपल्यासारखा."

मास्तरांनी फोन ठेवला. "तुझी गाडी दे," ते घड्याळवाल्याला म्हणाले.

"तुम्हाला चालवता येते?"

"नाही."

"आणि माझी दुरुस्तीला गेलीय. सगळं जुळलं म्हणायचं," घड्याळवाला म्हणाला, आणि मग मास्तरांच्या डोळ्यांत बघून भिंग काढून ठेवलं. "नाक्यावर उभे राहा. खाणीच्या गाड्या आता वर रिकाम्या जातात. पळा."

मास्तर पळाले. दुकानाला कुलूप लावायचं राहिलं, ते घड्याळवाल्यानं लावलं. नाक्यावर खडीचा एक ट्रक वळत होता; मास्तरांनी गळ्यातला टेप काढून झेंड्यासारखा हलवला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, त्याच्या सीटचं कव्हर मास्तरांनीच शिवलेलं होतं.

"काय मास्तर, डोंगराचं माप घ्यायला निघालात का?"

"टॉवरपाशी सोड. आणि जोरात ने."

"रिकामी गाडी आहे, उडवतच नेतो. बसा." ट्रक चढाला लागला. "तुम्ही आमच्या ऑफिसातल्या ताईंचे सासरे ना? बाई धीराची. ती उतरताना बघवत नाही मला. मी आपले डोळे मिटून घेतो."

"गाडी चालवताना?"

"नाही हो, उभी असताना!"

एका वळणावर समोरून भरलेली गाडी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि ट्रकनं अशी किंकाळी फोडली की मास्तर सीटवरून उठलेच. एरवी त्यांचा हात कुपीकडे गेला असता.

"नेहमी ओरडतो का असा?"

"ओरडतो म्हणून तर जिवंत आहे मास्तर. ओरडतोय म्हणजे धरतोय. गप्प झाला ना, की मी गाडी सोडून चालत जाईन."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. चढावर ब्रेक लागत नाही, एवढं त्यांना सुनेच्या बोलण्यातून माहीत होतं. चौकात थांबायला मागचाच दाबायचा, हेही माहीत होतं. पुढचा ब्रेक कामाला येतो तो उताराला. उतार टॉवरपासून सुरू होतो. तिनं उतारावर पहिल्यांदा बोटं आवळायच्या आत तिथं पोचायचं, बाकी काही नाही.

टॉवरपाशी सायकली आडव्या पडल्या होत्या. कोणी गुडघ्याचं कवच बांधत होतं, कोणी टायरची हवा सोडत होतं. मास्तर ट्रकमधून उतरले ते जवळजवळ पडलेच. त्यांनी सगळे चेहरे बघितले. ती नव्हती.

"अरे, मास्तर!" कप्तान उठला. "टाके घालणारे मास्तर हेच बरं का. या, या. तुमची सून आत्ताच सुटली, आज पहिला नंबर तिचा."

"सायकल तपासली का तिची?"

"वाकलो होतो मी. पण ती म्हणाली, राहू द्या, माझी बाबांनी बघितलीय. मग म्हटलं, तुमच्या हाताखालून गेलेली सायकल आम्ही काय बघणार?"

मास्तरांच्या कामाचं कौतुक आजवर पुष्कळ लोकांनी केलं होतं. एवढं खोल कुठलंच रुतलं नव्हतं.

"पुढच्या चकतीला तेल आहे," ते म्हणाले.

"कुणी लावलं?"

"मी."

कप्तानानं हेल्मेटचा पट्टा कडकन लावला, सायकल उचलली आणि तो उतारावर दिसेनासा झाला. कोणीतरी म्हणालं, "काका, बसा इथंच." मास्तर तोवर वाटेला लागले होते. पायांत दुकानातल्या चपला.

वाट म्हणजे वाट नव्हतीच. मोकळे दगड, मुळं, मधेच गुडघाभर पायरी, मधेच मऊ माती. मास्तर कुठे चालत उतरले, कुठे बसून. पहिल्या वळणावर टायरचा माग व्यवस्थित वळला होता. दुसऱ्या वळणावर जरा बाहेर गेला होता. तिसऱ्या वळणावर माग वळलाच नाही. मागच्या चाकानं ओढलेली एक लांब रेघ होती आणि ती सरळ झुडपात गेली होती. मास्तरांनी एका झाडाला हात टेकला. पुढं बघायला जावं की नाही, हे त्यांचे पाय ठरवत होते.

तेवढ्यात झुडपापलीकडून सुनेचा आवाज आला, अगदी रोजचा.

"त्यांना काही बोलायचं नाही हं. गुटके मी आज बदलून टाकते. विचारलंच तर म्हणायचं, त्यांच्या तेलानं नाही, रस्त्यावर सांडलेल्या ट्रकच्या तेलानं घसरले."

"खोटं बोलायचं?" हा कप्तान.

"बोलायचं. पुन्हा सायकलला हात लावणार नाहीत ते. मला ओळखता येतं, तसलेच आहेत."

मास्तर झुडूप बाजूला करून पुढं झाले. सून एका दगडावर बसली होती. कोपर सोललेलं, हातावर काट्यांचे ओरखडे, पँट गुडघ्यापासून वर फाटलेली. हाडं सगळी जागच्या जागी. सायकल उलटी ठेवलेली.

"बाबा!" ती म्हणाली. "चपला घालून आलात?"

"तेल मी लावलं."

"माहितीये. चकतीचा वास घेतला मी. मशीनचं तेल आहे ते. सगळ्या घराला तोच वास आहे, मला नाही कळणार?"

"मग ट्रकला कशाला नावं ठेवतेस? त्या बिचाऱ्यानंच मला वर आणलं."

कप्तान चष्मा पुसायला लागला.

सुनेनं कोपरावरची माती झटकली. मग म्हणाली, "मी तरी कुठं नीट सांगितलं? बोट लावू नका म्हटलं, का ते नाही सांगितलं. आणि माथ्यावर यांना बघूही दिलं नाही. निम्मी चूक माझी."

"चुकीला वाटेकरी नको. आख्खी माझी."

"निम्मीच घ्या बाबा. एकट्याला जड होईल, आणि अजून उतरायचंय."

बोलणं सुचत नसेल तेव्हा हातांना काम द्यावं, एवढं मास्तरांना ठाऊक होतं. कॉलरमधली सुई काढली, खिशातून रीळ निघालं. लालच होतं, बँडवाल्यांचं. "पाय लांब कर," ते म्हणाले. तिनं केला. ते तिथंच धुळीत बसले आणि पँटचा फाटका गुडघा शिवायला लागले.

"बारीक टाके नकोत, जाऊ दे, घाई आहे."

"घाईचं काम काल झालं माझं," मास्तर म्हणाले. "आज सावकाश."

खाली सगळे चालत उतरले. सून लंगडत, मास्तर सायकल ढकलत. वाटेत ते पुनःपुन्हा पुढचा ब्रेक दाबून बघत होते. चाक आपलं फिरतच राही. गप्प, मऊ, एक शब्द न बोलता. इतकी वाईट शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

संध्याकाळी अंगणात सुनेनं तेल प्यायलेले गुटके काढून टाकले, चकती स्पिरिटनं पुसली, नवे गुटके बसवले. मास्तर ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, लांब. पेपर उलटा होता.

"तिथून काय दिसणार?" तिनं हाक मारली. "या इकडं. आधी हात धुऊन या. साबणानं."

ते हात धुऊन आले. तिनं सगळं दाखवलं: काय घसरतं, काय धरतं, कशाला तेल चालतं, कशाला नाही. मास्तरांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. "का" असं म्हणून विचारली.

शनिवारचं हात फिरवणं पुन्हा सुरू झालं, पण सून आता माथ्यावर कप्तानालाही वाकू देते. आणि गंमत अशी, की नवे गुटके जुन्यांपेक्षा ओरडतात. ओढा ओलांडला की विचारूच नका.

"परत सुरू झालं," बायको म्हणाली. "अहो, तुमची ती कुपी कुठं गेली?"

"दुकानात आहे."

"आणा की मग."

"नाही. ओरडू दे."

रविवारी दुपारी ते चहाचा कप हातात धरून बसतात. चहा निवत जातो. मग गल्लीच्या तोंडाशी ती किंकाळी फुटते, कुत्री उठतात, लाँड्रीवाला खिडकी लावून घेतो.

"आली," बायको म्हणते.

"ऐकलं," मास्तर म्हणतात, आणि पहिला घोट घेतात.